शंभर प्रश्नांची उजळणी

एर्मेलिंद चार महिन्यांसाठी दिवाडीला आली आहे,
बॅगेत गुडघ्यांचं मलम, नातवाचा आखूड झालेला स्वेटर
आणि शंभर प्रश्नांची पुस्तिका.
न्यू जर्सीहून ब्राझनं बजावलंय,
परत येशील तेव्हा सगळे पाठ हवेत, माय.

वय झालं, तिथली वर्षंही भरली,
म्हणून परीक्षा तिला आपल्या भाषेत देता येते.
पण आपल्या भाषेत या गोष्टींना काय म्हणतात
हे तिकडच्या ऑफिसात कोण सांगणार?
म्हणून ती रोज चारला माझ्या सोप्यावर.
तेहतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेली
शेजारीण तिला एवढी एकच.

"देशाचा सर्वोच्च कायदा?"
"संविधान." हे तिला झोपेतही येतं.
"त्याचे पहिले तीन शब्द?"
ती बोटं मोजते. आमी. लोक.
तिसरं बोट तसंच उघडं राहतं.
मी सांगते, तिसरा त्यांच्याच भाषेत राहिला,
आपलं दोहोंतच भागतं.

"एकाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून काय असतं?"
नियंत्रण आणि समतोल, मी फळ्यावरच्या आवाजात म्हणते.
ती माझ्याकडे बघते, मी बांधाकडे.
अगो, ही मानस बघ.
भरती आली की दारं पाण्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटीला पुन्हा पाण्यानंच उघडतात.
खारं पाणी शेतात घ्यायचं की नाही
हे कुणा एकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही.
तिला पटतं. थोडा वेळच.
"आनी मानस राखपीच चोर जालो जाल्यार?"
हा प्रश्न पुस्तिकेत नाही.

"पहिल्या दुरुस्तीतला एक हक्क सांग."
"सरकारान देव थारावचो न्हय."
मग दोघी गप्प.
समोर नदी, पलीकडे नार्वे.
माझ्या माणसांचा देव या बेटावरून
रात्री पाण्यावरून तिकडे गेला.
तिचा आणि माझा कुणी खापरपणजा
कदाचित एकाच होडीपाशी उभा असेल.
एक चढला.
दुसरा घरी परतला, भात कापणीला आलं होतं.
कायदा तेव्हाही होता.
राजाचा होता.

शपथेचा कागद वेगळा आहे, जाड.
सगळ्या परक्या राजांची निष्ठा सोडायची,
यावर ती हसते, "म्हजे कडेन राजा खंय?"
मग हसणं विरतं, कारण पंचायतीच्या यादीत
दोनशे बारावं नाव तिचं आहे
आणि ते खोडलं जाईल.
शेवटी देवाला साक्षी ठेवायचं असतं,
नको असेल तर ते शब्द गाळता येतात.
"गाळूं?" तिचा हात गळ्यातल्या खुरसाकडे जातो.
"हांव गाळचें ना."
चहा अर्धा झाल्यावर म्हणते,
पण कुणी गाळले तरी तिथे चालतं ना,
तेवढं मला बरं वाटलं.

आम्ही दोघी सात वर्षांच्या होतो
तेव्हा एका डिसेंबरात एका देशात निजलो
आणि दुसऱ्या देशात उठलो.
मला आनंद झाला होता. तिच्या घरी दार बंद होतं.
शंभर काय, एकही प्रश्न
आमच्यापैकी कुणाला कुणी विचारला नाही.
हा तिचा तिसरा देश,
आणि तिला विचारून होणारा पहिलाच.

"आतां हांव विचारतां," ती चष्मा सावरते.
तुमच्या संविधानात धर्माचं कलम कितवं?
पंचवीस, मी म्हणते. आणि त्याच्या पुढचं?
मी अडखळते. ती लहान मुलीसारखी टाळी वाजवते.
फेरीचा भोंगा होतो, माल्लारला दिवे लागतात.
पुस्तिकेत त्रेचाळीसाव्या प्रश्नाशी
ती रिकामं पाकीट खूण म्हणून घालते.
फाल्यां, म्हणते, आणि कठड्याला धरून उतरते.

रात्री भरतीच्या वेळी मी बांधापर्यंत जाऊन आले.
दार मिटलेलं होतं.
खालची एक फळी मात्र कुजली आहे,
बोट लावलं तर आत जातं.
रविवारी ग्रामसभा आहे.
बोलायला हवं.